आधी रोस्टर उघडा

हॉटेलात मानसिक आरोग्याचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी एक व्याख्यान ठरतं. दुपारी साडेतीनची वेळ, बँक्वेट हॉल. ब्रेकफास्ट शिफ्टवाले घरी निघायच्या बेतात असतात आणि नाइटवाले घरी झोपलेले असतात. आलेले तज्ज्ञ मनापासून बोलतात, श्वासाचे व्यायाम करून घेतात. पुढच्या सोमवारी रोस्टर, म्हणजे कोणाची ड्युटी कधी याचा तक्ता, मात्र पहिल्यासारखंच लागतं. व्याख्यानाला माझा विरोध नाही. पण ज्याला रात्री एक वाजता सोडलं आणि सकाळी साडेसहाला पुन्हा उभं केलं, त्याचं मन श्वासाच्या व्यायामाने सावरत नाही. त्याला झोप हवी असते.

म्हणून हे सगळं कॅप्टन (वेटरांचे प्रमुख), सुपरवायझर, शेफ, हाऊसकीपिंगच्या प्रमुख आणि छोट्या हॉटेलांचे मालक यांच्यासाठी लिहितोय. माणसाचा दिवस कसा जाणार हे त्यांच्या हातातला तक्ता ठरवतो. फ्लोअरवर, किचनमध्ये, रिसेप्शनला काम करणाऱ्यांनीही वाचावं, म्हणजे आपल्याला जे होतंय ते आपल्या कमकुवतपणामुळे नाही हे लक्षात येईल.

क्लोजिंगनंतर लगेच ओपनिंग

कागदावर बघा. शेवटची ऑर्डर साडेअकराला. शेवटचं टेबल साडेबाराला उठतं. साइड स्टेशन लावणं, कॅश जुळवणं, बिलं बंद करणं यात एक वाजतो. उद्या ब्रेकफास्ट सातला उघडतो, म्हणजे फ्लोअरवर साडेसहाला. मध्ये साडेपाच तास दिसतात. आता हेच त्या माणसाच्या घड्याळात बघा. कपडे बदलून स्टाफच्या गाडीत बसेपर्यंत सव्वा, घरी दोन. आंघोळ, चार घास, डोकं शांत व्हायला वेळ, डोळा लागतो तीनला. गाडी पावणेसहाला, म्हणून उठायचं सव्वापाचला. झोप झाली सव्वादोन तास.

एवढ्या झोपेवर माणूस उभा राहतो, हसतोही. आधी जातो तो धीर. मग समोरच्याचा चेहरा वाचता येईनासा होतो, साधा गंभीर चेहरासुद्धा रागावलेला वाटायला लागतो. मग कॉफीऐवजी चहा जातो, टेबल चारचं ऑम्लेट टेबल सहाला जातं, कोणीतरी बोलतं, आणि दिवसभर ‘आपल्याला जमत नाही’ हा विचार सोबत राहतो. असे चार-पाच आठवडे गेले की मुलगा नोकरी सोडतो, आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.

युरोपीय संघाच्या नियमांत दोन कामांच्या दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती सांगितली आहे. हाच आकडा आपल्याकडेही धरावा. रोस्टर करताना प्रत्येक नावासमोर आदल्या दिवशीची सुटायची वेळ लिहा आणि त्यात ११ मिळवा. एकला सुटला तर दुसऱ्या दिवशी बाराच्या आत त्याचं नाव नाही. दहा-बारा जणांच्या रेस्टॉरंटात हे प्रत्येक दिवशी जमणार नाही, तेव्हा निदान ‘क्लोजिंगच्या दुसऱ्या दिवशी ओपनिंग नाही’ एवढं तरी पाळा. त्यासाठी जास्तीची माणसं लागत नाहीत. लागतो तो फक्त सलगपणा: ज्याचं क्लोजिंग, त्याची सलग तीन-चार दिवस क्लोजिंगच, मग ऑफ, मग ओपनिंग. शिफ्ट बदलायची तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवा. उलटी फिरवली, म्हणजे रात्रीवरून थेट सकाळवर आणली, तर शरीर ते फार वाईट सोसतं.

ब्रेक शिफ्ट

आपल्या धंद्यातलं सगळ्यात थकवणारं प्रकरण हे. अकरा ते साडेतीन, मग सात ते बारा. काम साडेनऊ तास, पण बदलापूर किंवा विरारला राहणाऱ्या वेटरचा घर सोडल्यापासून घरी पोहोचेपर्यंतचा दिवस सोळा तासांचा. मधले साडेतीन तास ना घरचे ना कामाचे. ते जातात लॉकर रूमच्या बाकावर, बँक्वेटच्या दोन खुर्च्या जोडून, तोंडावर टेबलक्लॉथ ओढून. पाठ ताठ, ट्यूबलाइट डोळ्यांवर, आणि कोणीतरी येऊन म्हणतं, ‘जागा आहेस ना, जरा स्टोअरमधून क्रेट आणायला ये.’

हे तास खरोखर विश्रांतीचे करता येतात. एक खोली लागते: चार-सहा गाद्या, पंखा, गडद पडदा, आणि दारावर पाटी की साडेपाचपर्यंत आत आवाज नको. बायकांसाठी वेगळी खोली, आतून कडी लागणारी. झोप दीड तासाची पुरते. साडेपाचच्या पुढे झोपू देऊ नका, नाहीतर जड डोक्याने संध्याकाळची सर्व्हिस सुरू होते आणि रात्री घरी झोप लागत नाही. ब्रेकमध्ये काम सांगायचं नाही, हा नियम शेफने आणि मॅनेजरने स्वतः पाळला तरच टिकतो. आठवड्यात तीनपेक्षा जास्त ब्रेक शिफ्ट एका माणसाला देऊ नका, आणि लांब राहणाऱ्यांना शक्यतो सरळ शिफ्ट द्या. अकरा ते आठ आणि तीन ते बारा अशा दोन सरळ शिफ्ट लावल्या तर तीन ते आठमध्ये सगळे असतात. तो वेळ तयारीला, साफसफाईला, नव्यांना शिकवायला आणि बसून जेवायला वापरता येतो. एक-दोन माणसं जास्त लागतात हे खरं. पण दर तीन महिन्यांनी नवा वेटर शोधून त्याला मेन्यू पाठ करून घ्यायचा खर्चही मालकाने एकदा कागदावर मांडून बघावा.

बसून जेवणं ही साधी गोष्ट वाटते, पण आपल्याकडे दुसऱ्यांना जेवू घालणारा माणूस चारला उभ्याने, उरलेल्या बुफेतलं तेलकट खातो. सर्व्हिसच्या आधी ३० मिनिटं, बसून, गरम जेवण. संध्याकाळच्या चिडचिडीतली बरीचशी ही नुसती भूक असते. मे महिन्यात तंदूरसमोर आणि डिश वॉशला दर वीस मिनिटांनी एक ग्लास पाणी प्यायलं जातंय का, तेही बघा. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं आणि माणूस भांडतो.

नाइट ऑडिटवाल्यांबद्दल, म्हणजे रात्रभर रिसेप्शन आणि हिशोब सांभाळणाऱ्यांबद्दल, थोडक्यात. सलग चार रात्रींच्या वर नको, आणि शेवटच्या रात्रीनंतर दोन पूर्ण दिवस सुट्टी. मुख्य जेवण ड्युटीवर यायच्या आधी, दोनच्या सुमाराला हलकं काहीतरी. पहाटे दोन ते चारच्या मध्ये वीस मिनिटांची डुलकी आलटून पालटून घेऊ द्या. ती चोरून घ्यावी लागली तर तिचा उपयोग निम्मा होतो. चहा-कॉफी तीनपर्यंतच. सकाळी घरी जाताना काळा गॉगल लावला तर झोप लवकर लागते, कारण सकाळचं ऊन शरीराला ‘जागा हो’ सांगतं. आणि नाइटवाल्याला सकाळी अकराच्या ट्रेनिंगला बोलावू नका. त्याच्यासाठी ती मध्यरात्र आहे.

सुट्टी म्हणजे सुट्टी

व्हॉट्सॲपचा एकच ग्रुप असेल तर ऑफवर असलेल्या माणसालाही दिवसभर ‘रूम ३०४चं काय झालं’ वाचावं लागतं. दोन ग्रुप करा: आज ड्युटीवर असलेल्यांचा वेगळा, सूचनांचा वेगळा. ऑफ रद्द करावीच लागली तर बदली सुट्टी कोणत्या तारखेला, हे त्याच क्षणी लिहून द्या. ‘नंतर बघू’ म्हटलेली कॉम्प ऑफ मिळत नाही, हा सगळ्यांचा अनुभव असतो आणि त्यातूनच विश्वास जातो.

सणांचं तर जास्तच. कोकणातल्या मुलाला दिवाळीत काम चालेल, गणपतीला घरी नसणं चालणार नाही. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० दिवस होतं. आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. म्हणजे सुट्टी मंजूर आहे की नाही हे त्याला चतुर्थीच्या किमान सत्तर दिवस आधी कळायला हवं. ऑगस्टमध्ये ‘बरं, जा’ म्हणणं हे त्याला उभ्याने किंवा दुप्पट भाड्याच्या बसने पाठवणं आहे. एक वही ठेवा: गेल्या वर्षी कोणता सण कोणी कामावर काढला. त्यावरून यंदाची पाळी ठरवा आणि ती वही सगळ्यांना बघू द्या.

गोव्यात आणि कोकणच्या किनाऱ्यावर २० डिसेंबर ते २ जानेवारी कोणालाच ऑफ मिळत नाही, हे सगळे धरूनच चालतात. तरी त्या पंधरवड्यात प्रत्येकाला दोन अर्धे दिवस देता येतात, नोव्हेंबरमध्येच ठरवले तर. आणि जानेवारीकडे लक्ष ठेवा. गर्दीत माणूस धावत राहतो, गर्दी ओसरली की कोसळतो. ताप, रडू, कारण नसताना भांडण हे तेव्हा येतं. साठलेल्या सुट्ट्या तेव्हाच, महिन्याच्या आत द्या.

राहायची सोय हॉटेलची असेल तर एका खोलीत एका शिफ्टची माणसं ठेवा. नाइटवाला झोपला असताना सकाळी पाचला तिघांचे गजर वाजणं, हे बऱ्याच भांडणांचं मूळ असतं.

खोल्या मोजू नका, मिनिटं मोजा

हाऊसकीपिंगमध्ये एका जणीला चौदा ते सोळा खोल्या हे सर्रास चालतं. पण खोली आणि खोली सारखी नसते. पाहुणा राहतोय ती खोली साधारण २२ मिनिटांत होते, चेकआउटची खोली ४० मिनिटं घेते. पंधरापैकी सात चेकआउट असतील तर २८० आणि १७६ मिळून ४५६ मिनिटं, म्हणजे साडेसात तासांच्या वर. कसंबसं बसतं. आता लोणावळ्याचा किंवा महाबळेश्वरचा रविवार घ्या. पंधराच्या पंधरा चेकआउट: ६०० मिनिटं, दहा तास, जेवण आणि पाणी सोडून. आकडा तोच, ‘पंधरा’, म्हणून सुपरवायझरला वाटतं रोजच्याएवढंच काम आहे, आणि ती बाई मात्र दुपारचं जेवण सोडून, लघवी तुंबवून धावत असते. मग आरशावर डाग राहिला म्हणून बोलणं खाते.

उपाय जुना आहे: क्रेडिट, म्हणजे प्रत्येक खोलीला कामाच्या मानाने गुण. राहती खोली १, चेकआउट दीड किंवा पावणेदोन, स्वीट अडीच. दिवसाला एका जणीला २०च्या वर क्रेडिट नाहीत. सात चेकआउट आणि आठ राहत्या खोल्या दीडच्या हिशोबाने साडेअठरा होतात, पंधरा चेकआउट साडेबावीस. फरक लगेच दिसतो आणि जास्तीच्या खोल्या दुसऱ्या मजल्यावरून वाटून घेता येतात.

आता या कामातली सगळ्यात खोल जखम. पाहुण्याची वस्तू हरवते. अंगठी, रोख रक्कम, घड्याळ. पाहुणा रिसेप्शनला आवाज चढवतो, आणि दहा मिनिटांत चौथ्या मजल्यावरच्या ताईला खाली बोलावलं जातं. ती हातातले ग्लोव्ह्ज काढत सिक्युरिटीच्या केबिनसमोर उभी असते, जाणारे-येणारे बघतात, आणि पहिला प्रश्न येतो, ‘कुठे ठेवलंस?’ संध्याकाळी अंगठी पाहुण्याच्याच टॉयलेट किटमध्ये सापडते. पाहुणा सॉरी म्हणतो, मॅनेजरला. ताईला कोणी काही म्हणत नाही. पंधरा वर्षं प्रामाणिकपणे खोल्या लावलेली बाई त्या दिवसानंतर पाहुण्याच्या वस्तूला हात लावायला घाबरते. काहींची रात्रीची झोप त्यानंतर नीट होत नाही.

याचा क्रम ठरवून ठेवा. पहिलं काम त्या खोलीची लिनन अडवणं: ट्रॉलीची पिशवी, शूटमधून (कपडे खाली टाकायच्या नळीतून) गेलेली चादर, सगळी लाँड्रीत बाजूला काढायची. एकदा मशीनमध्ये गेली की शोध संपला. मग सिक्युरिटी आणि सुपरवायझर दोघांनी, पाहुण्यासमोर, खोली बघायची: सेफ, बाथरोबचे खिसे, ड्युव्हेच्या (जाड पांघरुणाच्या) खोळीच्या आत, गादी आणि हेडबोर्डमधली फट, बेसिनखालचा ट्रॅप, व्हॅक्यूमची पिशवी. त्यानंतर दाराच्या कुलपाची नोंद काढायची. इलेक्ट्रॉनिक कुलपात कोणतं कार्ड किती वाजता लागलं ते साठवलेलं असतं. बऱ्याचदा तिथेच कळतं की वस्तू शेवटची दिसल्यापासून स्टाफपैकी कोणी आत गेलंच नव्हतं. हे सगळं झाल्यावरच, आत गेलेल्या प्रत्येकाला, बसवून, बंद खोलीत, हवं तर सोबत एक सहकारी घेऊन विचारायचं. प्रश्न ‘काय काय दिसलं होतं?’ असा. पाहुण्यासमोर कधीही नाही. आणि वस्तू सापडली की दुसऱ्या दिवशीच्या ब्रीफिंगमध्ये, सगळ्यांसमोर, नाव घेऊन सांगायचं की संशय चुकीचा होता. हे शेवटचं वाक्य बहुतेक हॉटेलांत राहून जातं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे.

पाहुणा चिडतो तेव्हा

दुपारी दोन वाजता लॉबीत बारा कुटुंबं आणि तयार खोल्या चार. रिसेप्शनवरचा मुलगा वीस मिनिटं शिव्या खातो आणि चेहऱ्यावर हसू ठेवतो. हे हसू ठेवणं हेच काम आहे, आणि ते वजन उचलण्याएवढंच दमवतं. वजन उचलणाऱ्याला आपण मध्ये पाठ टेकू देतो, याला मात्र लगेच पुढचा पाहुणा देतो.

एक खूण ठरवा. नावाच्या पट्टीला हात लावला की शेजारच्याने येऊन म्हणायचं, ‘सर, मी बघतो, यांना आत बोलावलंय.’ ज्याने ऐकून घेतलं त्याला दहा मिनिटं मागे: पाणी, बसायला जागा, फोन बघायचा तर बघू दे. त्या दहा मिनिटांत ‘तू असं बोलायला नको होतंस’ हा धडा नको. तो दुसऱ्या दिवशी, शांतपणे, गरज असली तरच. पाहुण्याला फुकट डेझर्ट देऊन शांत करायचं असेल तर करा, पण आपल्या माणसाला वेगळं सांगा की चूक त्याची नव्हती. न सांगितलं तर त्या डेझर्टचा अर्थ तो एकच लावतो. एका स्टारच्या रिव्ह्यूत कोणाचं नाव आलं तर ते ब्रीफिंगमध्ये मोठ्याने वाचू नका.

पाहुण्याने हात लावला, घाणेरडं बोलला, तर सर्व्हिस थांबवायचा अधिकार कॅप्टनलाच हवा. जीएमला (जनरल मॅनेजरला) फोन लागेपर्यंत वाट बघायची नाही. २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. खोली लावताना ट्रॉली उघड्या दारात आडवी ठेवायची, ही जुनी सवय मोडू देऊ नका.

किचनबद्दल एवढंच. सव्वानऊला पासवर, म्हणजे तयार ताटं बाहेर जातात त्या काउंटरवर, आवाज चढणारच. ‘टेबल बारा, दोन पापलेट, चार मिनिटं!’ हा आवाज कामाचा आहे, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. त्याच आवाजात आई-बहीण आली की वीस वर्षांचा ट्रेनी त्या रात्री घरी फोन करत नाही, कारण काय सांगायचं हे त्याला कळत नाही. ‘आम्हीही असंच शिकलो’ म्हणणाऱ्या शेफने स्वतःबरोबर शिकायला लागलेल्यांपैकी किती जण आज या धंद्यात उरलेत, ते मोजावं.

बंद खोलीत मृत्यू सापडतो तेव्हा

याबद्दल हॉटेलवाले आपसातही बोलत नाहीत. पण खोलीत पाहुण्याचा मृत्यू, कधी आजाराने, कधी आत्महत्येने, हे घडतं, आणि दार उघडणारी बहुधा हाऊसकीपिंगची मुलगी असते.

पहिला नियम, तिने एकटीने दार उघडायचंच नाही. ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी २४ तासांच्या वर, फोनला उत्तर नाही, आतून डबल लॉक: यातलं काही दिसलं की ड्युटी मॅनेजर आणि सिक्युरिटी. आत पाऊल त्यांनी टाकायचं. तरीही कोणाला दिसलंच, तर दार बंद, काही हलवायचं नाही, ११२. त्या माणसाला लगेच तिथून बाजूला, बसायला, चहा-पाणी, सोबत ओळखीचं कोणीतरी. पोलिसांना जबाब द्यावा लागतो, तेव्हा शेजारी माणूस हवा, आणि तिला ज्या भाषेत नीट सांगता येतं ती समजणाराही. एकटीला घरी पाठवू नका. घरी कोण आहे ते विचारून त्यांना फोन करा.

‘काय झालं, सांग ना’ म्हणून पाच जणांनी पाच वेळा विचारणं हे त्या दिवशीचं सगळ्यात वाईट. तिला बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर गप्प बसा. सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून घडलेलं वदवून घेणं, हा प्रकार जागतिक आरोग्य संघटनाही टाळायला सांगते. त्यांच्या मानसिक प्रथमोपचाराचे शब्द तीन आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. ती खोली पुन्हा तिने साफ करायची नाही. तो मजला तिला ती स्वतः ‘चालेल’ म्हणेपर्यंत नको. तिसऱ्या दिवशी, पंधरा दिवसांनी, महिन्याने विचारा: झोप लागते का, ते दृश्य डोळ्यांसमोर येतं का, लिफ्टमधून त्या मजल्यावर जाताना काय होतं. महिन्यानंतरही हे तसंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञ हवा.

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर डिसेंबरमध्येच ताज पब्लिक सर्व्हिस वेल्फेअर ट्रस्ट उभा राहिला आणि हॉटेलबाहेरच्या हल्लाग्रस्तांनाही त्यातून आधार मिळाला. एवढं मोठं काही घडलं की सगळे धावून येतात. चौथ्या मजल्यावरच्या एका बंद खोलीनंतर मात्र दोन तासांत शिफ्ट पुढे सुरू होते, आणि तिथेच आपण कमी पडतो.

विचारायचं कसं

खुणा हॉटेलातच दिसतात. नेहमी दहा मिनिटं आधी येणारा उशिरा पंच करतो. इस्त्री नाही, बूट पॉलिश नाही. स्टाफ कॅफेत जेवायला येत नाही. उलटही घडतं: घरी जायला नको म्हणून सगळ्यांच्या डबल शिफ्ट मागून घेतो. लोन ॲपचे फोन येतात. वस्तू वाटून टाकतो, ग्रुपवर ‘सगळ्यांना माफी’ असं काहीतरी लिहितो.

बाजूला घ्या, पण केबिनमध्ये नको. केबिन म्हणजे मेमो. मागच्या गेटला, चहा घेताना. डोळ्यांत बघत बसण्यापेक्षा शेजारी उभं राहून बोलणं सोपं जातं. जे दिसलं तेच सांगा: ‘दोन आठवडे बघतोय, तू जेवायला येत नाहीस. काय चाललंय?’ मग थांबा. पहिलं उत्तर ‘काही नाही, दादा’ असंच येतं. ‘बरं. पण मी विचारायला आलो होतो ते खरंच विचारायला,’ एवढं म्हणा, आणि दोन दिवसांनी परत विचारा. बऱ्याचदा माणूस दुसऱ्या वेळी बोलतो.

‘जगून काय करायचं’ अशा वळणाचं काही निघालं तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटतं. ‘हो’ म्हणाला तर पुढचा प्रश्न, कसं करायचं ते ठरवलंय का. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका, टेरेसची किल्ली, केमिकलचं स्टोअर, गोळ्या त्याच्या हाताबाहेर ठेवा, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, जवळच्या हॉस्पिटलात न्या किंवा ११२ लावा. ‘आईवडिलांचा विचार कर’ म्हणू नका. तो तेवढाच विचार करत असतो, आणि आपण त्यांच्यावर ओझं आहोत असं त्याला वाटत असतं. कोणालाच सांगणार नाही, असं वचनही देऊ नका. ‘तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी एका माणसाला सांगणार, आणि कोणाला ते तू ठरव,’ हे खरं वचन.

टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन सेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, फुकट. आधी भाषा निवडायची, मराठी आहे, हिंदी आहे, इतरही बऱ्याच आहेत, म्हणून ओडिशाच्या कॉमीलाही (किचनमधल्या ज्युनियर कुकलाही) उपयोगी. समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. रात्री दीडला शिफ्ट संपवून लावला तरी उचलतात, आणि आपल्या धंद्यात हे महत्त्वाचं आहे. क्रूझवर गेलेल्या आपल्या मुलांसाठी आयस्वान या जहाजावरच्या कामगारांसाठीच्या संस्थेची सीफेररहेल्प ही मदतीची सेवाही फुकट आणि चोवीस तास आहे. तिथे मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. तासांच्या शीटवर सही करायला लावतात, म्हणून खरे तास स्वतःच्या वहीत रोज लिहून ठेवावेत.

दारूचं वेगळं सांगायला हवं. शिफ्ट संपली की क्वार्टर, तेव्हाच झोप लागते, असं खूप जण म्हणतात. लागते लवकर, पण पहाटेपासून तुटते, आणि दुसऱ्या दिवशीची घालमेल त्यातूनच येते. ड्युटीच्या आधी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, ही खूण गंभीर आहे. अशा माणसाला ‘आजपासून बंद’ म्हणून कोंडून ठेवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून हेच काम करतंय.

उपचार घेऊन परत आलेल्याला पहिला महिना नाइट आणि ब्रेक शिफ्ट नको. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून फ्रायर आणि स्लायसरऐवजी कोल्ड सेक्शन किंवा बिलिंग द्या. डॉक्टरांकडून चिठ्ठी मागायची ती कोणत्या वेळेत काम चालेल याची, आजाराच्या नावाची नाही.

कायद्याचं थोडं. महाराष्ट्रात आठवड्याला ४८ तास, आठवड्याची सुट्टी आणि जादा तासांना दुप्पट दर, हे २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. गिऱ्हाईक बिल न देता पळालं किंवा ग्लास फुटले, म्हणून वेटरचं म्हणणं न ऐकता पगार कापता येत नाही. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि हॉटेल ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असेल तर मनाच्या आजारावरचे उपचारही त्या कार्डावर होतात. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताण होता असंच मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गृहीत धरतो, म्हणून पोलिसांच्या भीतीने त्याला हॉस्पिटलात न्यायला उशीर करू नका.

आणि ते नंबर कुठे लावायचे, तर नोटीस बोर्डवर नकोत. तिथे उभं राहून नंबर उतरवून घेणारा सगळ्यांना दिसतो. प्रत्येक लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला, युनिफॉर्म टांगायच्या खिळ्याच्या खाली, १४४१६ लिहिलेली छोटी चिठ्ठी चिकटवा. तिथे तो दिवसातून दोनदा एकटाच उभा असतो.